अहवाल प्रलंबित

करोनाचं नाव काढलं की नाशिकात अजून दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, चाचण्याच केल्या नाहीत म्हणून घोळ झाला. दुसरा म्हणतो, चाचण्यांच्या नादात बाकीचं राहून गेलं. हे दोन्ही पक्ष माझ्या ओळखीच्या एकाच घरात नांदतात, त्यामुळे वाद ऐकायला मला लांब जावं लागत नाही. मामा जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागातून निवृत्त झालेले. बहुतेक नोकरी निफाड-येवला पट्ट्यात, सुरुवात हिवतापाच्या सर्वेक्षणापासून. भाची सूक्ष्मजीवशास्त्रातली एम.एस्सी., शहरातल्या एका खासगी प्रयोगशाळेत काम करते. सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आल्यावर हा जुना वाद पुन्हा पेटला. दोघांचं बोलणं जरा नीट लावून देतो आहे, धार मात्र कुणाचीच घासलेली नाही.

भाची: मामा, तारखांवरून बोलू. केरळात पहिला रुग्ण सापडला 30 जानेवारी 2020 ला. पुण्यात 9 मार्चला. आपल्या जिल्ह्यात 29 मार्चला, लासलगावजवळ.

मामा: पिंपळगाव नजीक. माझ्या पायाखालचं गाव आहे ते.

भाची: म्हणजे देशात शिरकाव झाल्यापासून आपल्याला दोन महिने मिळाले. तेवढ्या वेळात नाशिक जिल्ह्यात स्वॅब तपासायची एकही जागा उभी राहिली नाही. 2011 च्या जनगणनेप्रमाणे 61 लाखांचा जिल्हा! नमुना घ्यायचा त्र्यंबक रोडला सिव्हिलमध्ये, तो जायचा दोनशे किलोमीटरवर पुण्याला राष्ट्रीय विषाणू संस्थेत, म्हणजे एनआयव्हीत, आणि आपण पेपरात वाचायचं, ‘इतक्यांचे अहवाल प्रलंबित.’ पुढे पुण्याऐवजी धुळ्याला जायला लागले. नाशिकची स्वतःची सोय झाली ती एप्रिलच्या अखेरीस, आडगावला, मविप्रच्या मेडिकल कॉलेजात. तोवर मालेगाव पेटलेलं होतं.

मामा: तू दोन महिने म्हणतेस, पण ते आज कॅलेंडर समोर ठेवून. फेब्रुवारीत देशात किट किती होती? तपासायला आलेली माणसं किती होती? सगळ्या राज्याचे नमुने पुण्याला, मुंबईच्या कस्तुरबाला आणि नागपूरच्या इंदिरा गांधी मेडिकलला जात होते. तेव्हा प्रत्येक जिल्ह्यानं म्हटलं असतं, मला लॅब द्या, तर कुणालाच धड मिळाली नसती. अमेरिकेचं काय झालं? त्यांच्या सीडीसीनं फेब्रुवारीत किट वाटली, ती बिघडलेली निघाली. पैशाला तोटा नव्हता त्यांना.

भाची: अमेरिका चुकली म्हणून आपलं माफ होत नाही. दक्षिण कोरियाकडे बघा ना. 20 मार्चपर्यंत त्यांनी 3 लाखांवर चाचण्या केल्या होत्या. त्याच दिवशी भारताचा आकडा होता सुमारे 15 हजार. अख्ख्या देशाचा! त्याच्या चार दिवस आधी जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमुख जगाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते, चाचण्या करा म्हणून.

मामा: कोरियाला 2015 मध्ये मर्सचा चटका बसला होता. त्यानंतर त्यांनी कायदे बदलले, कंपन्यांना आधीच तयार ठेवलं. ते 2020 मध्ये जागे झाले नव्हते, आधीच जागे होते.

भाची: हेच तर म्हणतेय मी! आपल्याला चटका बसला नव्हता का? 2009 चा स्वाइन फ्लू. पुण्यात ऑगस्टमध्ये देशातला पहिला बळी गेला. नायडू हॉस्पिटलपुढे तोंडाला रुमाल बांधून रांगा लागल्या. आपल्या नाशिकातही माणसं गेली. आणि तेव्हासुद्धा नमुने कुठे जात होते? पुण्याला, एनआयव्हीला. मधल्या अकरा वर्षांत काय झालं? विषाणू तपासणाऱ्या प्रयोगशाळांचं जाळं विणायची केंद्राची योजना 2013 ची आहे. त्या जाळ्यात नाशिक नव्हतं. गंमत बघा, राज्यातल्या मेडिकल कॉलेजांचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून आपल्या म्हसरूळला बसलंय. पदव्या इथून वाटायच्या, आणि घशातला स्वॅब धुळ्याला पाठवायचा, कारण सरकारी मेडिकल कॉलेज धुळ्याला होतं, नाशिकला नव्हतं.

यावर मामा गप्प बसले. या मुद्द्याला उत्तर नाही, असं माझंही मत आहे. विद्यापीठाची इमारत आणि प्रयोगशाळेची सोय या निराळ्या गोष्टी आहेत हे मान्य. पण मुंबई-पुण्यानंतर आमचंच म्हणून मिरवणाऱ्या शहराला या एका बाबतीत धुळ्यासमोर हात पसरावा लागला, हे नाशिककर फारसं बोलून दाखवत नाहीत. मामांनी मग वाट बदलली.

मामा: बरं, मला तुझी मशीन समजावून सांग. नमुना हाती आल्यावर तू करतेस काय?

भाची: नळीत गुलाबी पाणी असतं, विषाणू टिकवणारं. स्वॅबची काडी त्यात मोडून टाकलेली असते. तीन थरांच्या पॅकिंगमधून, बर्फातून येते ती. आधी सेफ्टी कॅबिनेटमध्ये नळी उघडायची, विषाणूचं आरएनए वेगळं काढायचं. मग प्लेट भरायची. शहाण्णव खळगे असतात, त्यातले दोन आपल्यासाठी: एकात विषाणू आहेच हे माहीत असतं, दुसऱ्यात नाहीच हे माहीत असतं. ते दोन बरोबर आले तरच उरलेल्या चौऱ्याण्णवांवर विश्वास ठेवायचा. मशीन पुढे दीड-दोन तास चालतं. स्क्रीनवर रेघ वर चढली की पॉझिटिव्ह. सगळं धरून पाच-सहा तासांचं काम.

मामा: पाच-सहा तासांचं. आणि अहवाल यायला दिवस का लागायचे?

भाची: गाडी, रांग, नोंदणी, पुन्हा रांग. पुण्यात राज्यभरचे खोके येऊन पडायचे.

मामा: म्हणजे चूक मशीनची नाही, रस्त्याची आणि रांगेची आहे. मग रस्ता आणि रांग कमी करायची, तर नमुने कमी पाठवायचे. आयसीएमआरनं तेच केलं. परदेशातून आलेला आणि लक्षणं असलेला, बाधिताच्या जवळचा, तापानं आजारी पडलेला दवाखान्यातला कर्मचारी, आणि 20 मार्चनंतर श्वासाचा गंभीर त्रास होऊन भरती झालेला प्रत्येक जण. माझ्या नोकरीच्या भाषेत, जिथे डास तिथे आधी स्लाइड. सगळ्या गावाची बोटं टोचत नाही आपण.

भाची: टोचत होतात की! तुम्हीच सांगायचात, पंधरवड्याला घरोघरी जायचं, तापाचा माणूस दिसला की बोटाला सुई टोचून काचेवर रक्त घ्यायचं.

मामा: तापाच्या माणसाचं. निरोग्याचं नाही. आणि भिंतीवर तारीख लिहून यायचो, म्हणजे वरचा साहेब आला की त्याला कळावं, मी खरंच येऊन गेलो की बांधावर बसून रजिस्टर भरलं.

भाची: मग करोनात तापाच्या माणसाचं तरी घेतलं का? मार्चच्या मध्यापर्यंत निकष काय होता? परदेशवारी केलीत का? चीन, इराण, इटली. लासलगावच्या त्या रुग्णाच्या नावावर परदेशवारी नव्हती. त्याला ताप-खोकला 20 मार्चच्या आधी आला असता, तर त्याचा स्वॅब घेतला गेला असता? नसता. म्हणजे शून्य रुग्ण याचा अर्थ शून्य शोध. परसात साप आहे की नाही हे दिवा न लावता ठरवल्यासारखं ते झालं.

मामा: दिवा लावायला तेल लागतं, पोरी. खासगी लॅबला 4,500 रुपये घ्यायची मुभा दिली 21 मार्चला. निफाडच्या द्राक्षबागेतल्या मजुराला परवडणार होते? सर्वोच्च न्यायालयानं 8 एप्रिलला सांगितलं, फुकट करा. पाचच दिवसांत त्यात दुरुस्ती करून सवलत गरिबांपुरती ठेवावी लागली. बघ, इथेही तेलाचाच प्रश्न.

भाची: परवडत नव्हते, मान्य. पण आमच्यासारख्या लॅबना परवानगीच मिळत नव्हती त्याचं काय? मशीन होतं, माणसं होती. कावीळ-क्षयाच्या तपासण्या तेच मशीन करतं. आधी प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचा कागद, मग आयसीएमआरचा कागद, मग किट मिळेना. मायलॅब कंपनीचं किट पुण्यात तयार झालं, 23 मार्चला मान्यता मिळाली. ते बनवणाऱ्या गटाच्या प्रमुख मीनल दाखवे-भोसले यांनी बाळंतपणाच्या आदल्या दिवशी किट तपासायला दिलं, हे सगळ्या महाराष्ट्रानं कौतुकानं वाचलं. कौतुक करायला आपण पहिले; किट नाशिकपर्यंत पोचवायला कोण होतं?

मामा: आता क्षयाचं नाव तूच काढलंस, म्हणून सांगतो. एप्रिलमध्ये ट्रूनॅट, सीबीनॅट ही क्षयाची मशीनं करोनाला लावायला परवानगी मिळाली. वरवर बघता हुशारी. पण क्षयाचं काय झालं? देशात 2019 मध्ये 24 लाख क्षयरुग्ण नोंदले होते, 2020 मध्ये 18 लाख. सहा लाख माणसं बरी झाली का अचानक? ती घरीच खोकत बसली. तू दिवा जिथून उचललास, त्या खोलीत अंधार झाला.

भाची: त्याला फक्त मशीन जबाबदार नाही. एसटी बंद, दवाखाने बंद, बाहेर पडलं की पोलिसाची काठी. पण बरोबर आहे तुमचं, काही मशीनं तिकडून इकडे आली. म्हणूनच तर जास्तीची हवी होती ना आधीपासून!

मामा: आणि मालेगाव? तिथे माणसं करोनानं गेली त्याच्या कितीतरी पट डायलिसिस नाही, हृदयाचं औषध नाही, खासगी दवाखान्याला कुलूप म्हणून गेली असं तिथले लोक सांगत होते. त्या एप्रिलमध्ये कब्रस्तानातले दफनविधी आदल्या वर्षीच्या एप्रिलपेक्षा किती वाढले, याच्या बातम्या सगळीकडे छापून आल्या. चाचणीनं ते थांबलं असतं?

भाची: ते करोनानं गेले की दवाखाना बंद होता म्हणून गेले, हे तुम्हाला कशावरून कळणार? चाचणी केली असती तर कळलं असतं. मेलेल्या माणसाचं कारणच माहीत नसेल, तर तुमचं म्हणणं आणि माझं म्हणणं दोन्ही अंदाज. 8 एप्रिलला तिथे एकदम काही रुग्ण सापडले आणि महिना संपेपर्यंत शेकड्यांत गेले. यंत्रमागाचं गाव, दाट वस्ती, बंदोबस्ताला आलेले राज्य राखीव दलाचे जवानसुद्धा आजारी पडले. आठ तारखेला विषाणू आला नव्हता तिथे. आठ तारखेला फक्त आपल्याला कळलं.

हा भाचीचा सर्वांत जड मुद्दा. मी त्यावर बराच विचार केला आहे. साथीच्या सुरुवातीला जाहीर होणारा आकडा हा आजाराचा नसतो, तपासणी कुठवर पोचली त्याचा असतो. आपण मात्र तो रोज संध्याकाळी हवामानासारखा ऐकला. पण मामांचं पुढचं बोलणं ऐकल्यावर वाटलं, तेवढ्यावर हा वाद मिटत नाही.

मामा: चल, तुझं सगळं मान्य. समजा 1 मार्चला मालेगावात लॅब होती. स्वॅब द्यायला कोण येणार होतं?

भाची: का नाही येणार?

मामा: चाचणी म्हणजे लोकांना काय दिसत होतं? परदेशातून आलेल्याच्या डाव्या हाताच्या पंजावर शाईचा शिक्का. शिक्केवाले लोक रेल्वेत सापडले की खाली उतरवत होते. पॉझिटिव्ह आला की गल्लीच्या तोंडाला पत्रे. अंगावर प्लॅस्टिकचे डगले घातलेली चार माणसं येऊन आख्खं घर गाडीत भरून नेणार, शेजारी खिडकीतून मोबाइलवर शूटिंग करणार. मालेगावात त्याआधी महिनाभर नागरिकत्वाच्या नोंदणीची, एनआरसीची चर्चा होती. दारात यादी घेऊन आलेल्या आशा ताईकडे बघून माणूस दार लावून घेणार नाही तर काय? आणि कायदा कोणता लावला, माहितीये? 13 मार्चला राज्यानं 1897 चा साथरोग कायदा काढला. प्लेगच्या वेळचा! पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या शिपायांनी घरं धुंडाळली, तेव्हा लोकांनी रोगी लपवले, मढी लपवली. आपल्या भगूरला 1899 मध्ये प्लेग होता. सावरकरांचे वडील त्यात गेले. त्या काळच्या माणसाला विचारलं असतंस, तपासणीला यायचं का, तर तो रानात पळाला असता. तपासणीनंतर काय होतं याची भीती आजाराहून मोठी असेल, तर तुझी प्लेट रिकामी राहणार.

भाची: हे मी नाकारत नाही. पण भीती वाढवली कुणी? उशिरानं. आज स्वॅब दिला आणि संध्याकाळी कळलं, निगेटिव्ह, घरी जा. तर लोक दुसऱ्याला सांगतात, जाऊन ये, काही होत नाही. चार-पाच दिवस वॉर्डात संशयित म्हणून अनोळखी माणसांत ठेवलंत, तर कोण येईल? निगेटिव्ह माणूस पॉझिटिव्हच्या शेजारच्या खाटेवर अहवालाची वाट बघतोय, यापेक्षा वाईट काय?

मामा: आता बरोबर बोललीस. मला तुझ्या आकड्यापेक्षा हे दिवस महत्त्वाचे वाटतात.

भाची: मलाही. पण जवळ लॅब असल्याशिवाय दिवस कमी होत नाहीत.

मामा: आणि माणूस दारापर्यंत पोचल्याशिवाय लॅबचा उपयोग होत नाही. लासलगावला काय झालं? अहवाल आला आणि त्याच दिवसापासून परिसर बंद करून आशा, सेविका, आरोग्य सेवक घरोघरी फिरले. कांद्याची एवढी मोठी बाजारपेठ जवळ, ट्रक कुठून कुठून आलेले. तरी तिथे मालेगाव झालं नाही. तो तरुण बरा होऊन घरी परतला. ते काम प्लेटनं नाही केलं, चपला झिजवणाऱ्या बायकांनी केलं. त्यांना मास्क तरी धड मिळाले होते का, ते विचार.

भाची: त्याच बायकांच्या हाती एप्रिलमध्ये झटपट तपासणीची चिनी किट येणार होती ना? रक्ताचा थेंब, पंधरा मिनिटांत उत्तर. राज्यांनी तपासून बघितली तर उत्तरंच भलती. 21 तारखेला आयसीएमआरनं थांबवलं, 27 ला परत पाठवा म्हणून सांगितलं. वाईट चाचणी ही चाचणी नसण्यापेक्षा वाईट, हे मीच म्हणते. त्यामुळे ‘कशीही करा पण करा’ हे माझं म्हणणं नाही.

मामा: पण लोकांचं तेच होतं. टीव्हीवर रोज ओरड, आकडा वाढवा, आकडा वाढवा. आकडा मागितला की आकडा मिळतो, बाई. 2021 च्या हरिद्वार कुंभाचं काय निघालं? लाखभर चाचण्या बनावट असल्याचं बाहेर आलं, गुन्हे दाखल झाले. ठरलेला आकडा भरायचा होता, भरला. माझ्या वेळी भिंतीवर तारीख का लिहायला लावायचे, ते आता तुला कळलं असेल.

हरिद्वारचा विषय निघाला आणि दोघंही सिंहस्थावर आले. रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरात होणाऱ्या गर्दीचे अंदाज वर्तमानपत्रं कोटींत छापतात. रस्ते, पूल, घाट यांच्या निविदा निघतात, त्यावर रोज राजकारण होतं. पुढची साथ कधी येईल कुणाला ठाऊक, पण आली तर अशा वेळी येऊ नये एवढीच प्रार्थना करून भागेल, असं यंत्रणेचं धोरण दिसू नये, एवढी अपेक्षा गैर नाही.

भाची: कोटभर माणसांचे स्वॅब कुणीच घेऊ शकत नाही, घेऊही नयेत. मी सांडपाणी तपासा म्हणते. तपोवनाच्या मलनिस्सारण केंद्रात शहराच्या मोठ्या भागाचं येतं. रोज एक बाटली घ्या. मुंबईत पोलिओसाठी 2001 पासून हेच चाललंय. करोनात पुण्यातही केलं. आजारी माणूस दवाखान्यात यायच्या आधी काही दिवस पाणी सांगतं. कुणाचं नाव नाही, पत्ता नाही.

मामा: हे मला आवडलं. गटाराच्या हातावर शिक्का मारता येत नाही.

भाची: म्हणजे पटलं?

मामा: अर्धं. पाणी सांगेल, पंचवटीत काहीतरी आहे. कोणत्या गल्लीत, कोणत्या धर्मशाळेत, ते नाही सांगणार. तिथे कुणाला तरी दार वाजवावं लागेल. ती माणसं किती ठेवलीत, कायम की अकरा महिन्यांच्या करारावर, त्यांना महिन्याचा पगार महिन्याला मिळतो का, हे निविदेत असतं का बघ.

भाची: तुम्ही लॅबच्या जागा भरल्यात का विचारा, मी तुमच्या माणसांचं विचारते.

मामा: आणि पालिकेच्या दवाखान्याबाहेर फळा लावायचा. किती चाचण्या केल्या ते लिहू नका. नमुना घेतल्यापासून अहवाल हाती पडेपर्यंत किती तास लागले, ते लिहा.

भाची: आणि शेजारी दुसरा रकाना. अहवाल हाती पडल्यापासून त्या घरी माणूस पोचेपर्यंत किती तास.

मामा: दुसरा रकाना मी भरायला लावीन.

भाची: पहिला भरायला माणूस मिळाला तर ना! आमच्याकडे दोन तंत्रज्ञांच्या जागा रिकाम्या आहेत, त्या आधी भरू द्या.